नावाआधीची जागा

सर गेले हे मावशींना कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं, हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही. बातम्यांच्या वाहिनीवर पडद्याच्या तळाशी लाल पट्टी पळत असते ना, तिचा मजकूर टाइप करायचं काम गेले काही महिने मावशींकडे होतं. सकाळी त्या नेहमीसारख्या आल्या, खुर्चीवर उशी टाकून बसल्या, पाण्याची बाटली डाव्या हाताला ठेवली, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक जण म्हणाला, "मावशी, पट्टी घ्या. ज्येष्ठ पत्रकारांचं निधन. पहाटे गेले. लवकर टाका, बाकीच्यांनी केव्हाच लावली." आणि त्याने सरांचं नाव सांगितलं. मावशींनी टाइप केलं. बोटांना सवय होती, ती चालली. पट्टी पडद्यावर गेली, भिंतीवरच्या टीव्हीवर पळायला लागली, आणि तिथे ती वाचली तेव्हा कुठे मावशींना उमगलं की आपण काय लिहून बसलो.

त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. मग पुढची पट्टी आली, भाज्यांचे भाव कडाडल्याची. तीही त्यांनी टाइप केली.

आता या मावशी कोण, ते सांगायला हवं. कारण त्या वाहिनीत तुम्ही चार वर्षं नोकरी केली असती तरी तुम्हाला त्या दिसल्या असत्याच असं नाही. स्टुडिओत कॅमेऱ्यांच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, एका छोट्या टेबलाशी त्या बसत. बातम्या वाचणारा माणूस तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून घडाघडा बोलतो आणि तुम्हाला वाटतं काय पाठांतर आहे, ते पाठांतर म्हणजे मावशी. कॅमेऱ्याच्या तोंडावर काच असते, काचेवर अक्षरं येतात, आणि ती अक्षरं वर सरकवायचं गोल बटण मावशींच्या उजव्या हाताखाली असे. वाचणारा पुढे गेला आणि अक्षरं मागे राहिली तर तो तोंडघशी पडतो. अक्षरं पुढे गेली तर त्याला धावावं लागतं. हे काम नीट झालं तर कोणाला कळत नाही, आणि चुकलं तर गावभर बोभाटा होतो. कौतुकाच्या नावाने शंख.

वीसेक वर्षं त्यांनी हे एकाच माणसासाठी केलं. सातच्या बातम्या म्हणजे सर, हे देशाला ठाऊक होतं. आणि सरांच्या बातम्या म्हणजे मावशी, हे सरांना.

पहिल्याच दिवशी सरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "हे बघा बाई, तुम्ही माझ्या मागून या. पुढे पळू नका. मी कोणाच्या मागे धावत नाही, मंत्र्याच्याही नाही." मावशींनी मान डोलावली, आणि मागून कसं जायचं ते शोधत बसल्या. शब्द ऐकून जावं तर उशीर होतो. ओठ बघून जावं तर कोपऱ्यातून ओठ दिसत नाहीत. मग त्यांना सापडला तो श्वास. सरांच्या छातीवरच्या माइकचा आवाज मावशींच्या हेडफोनात थेट यायचा, आणि प्रत्येक नव्या वाक्याआधी सर नाकाने एक लांब श्वास घेत. तुम्हाआम्हाला तो टीव्हीवर कधी ऐकू आला नाही. मावशींना यायचा. तो आला की बटण फिरवायचं. बस्स. एवढंच शास्त्र. श्वासावरून त्यांना सरांची सर्दी कळे, घरी भांडण झालेलं कळे, आणि शेवटच्या वर्षात, डॉक्टरांना कळायच्या आधी, काहीतरी बिघडलंय हेही कळलं होतं. पण सांगणार कोणाला? ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ज्याला कळतं त्याला कोणी विचारत नाही.

बोलणं म्हणाल तर जवळजवळ नव्हतंच. सर कॉलरमध्ये कागदी रुमाल खोवून, तोंडाला पावडर लावून स्टुडिओत शिरत आणि जाता जाता विचारत, "काय मावशी, आज किती गेले?" मावशी मजकूर आधी वाचून बसलेल्या असत. त्या सांगत, "आज पुलावरचे सहा, आणि एक लेखक." किंवा, "आज कोणी नाही. आज नुसते पुढारी." मग सर हसून खिशातून पेपरमिंटची गोळी काढत आणि त्यांच्या टेबलावर ठेवत. कोणी न मेल्याची ती गोळी. फार कमी मिळाली, हे खरं.

ही थट्टा बाहेरच्याला निर्दय वाटेल, पण सरांइतकं मेलेल्या माणसाला जपणारा मावशींनी दुसरा पाहिला नाही. त्यांचा एक नियम होता. मृत्यूची बातमी असली की नावाआधी थांबायचं. "त्याच्या घरचे ऐकत असतात," ते म्हणत, "एखाद्याला तिथेच पहिल्यांदा कळत असेल. दारावर टकटक न करता घरात शिरू नये माणसाने." म्हणून मावशी अशा बातमीत नावाच्या आधी दोन ओळी रिकाम्या सोडत. सर त्या जागेपाशी थांबत, श्वास घेत, आणि मग नाव. वरच्या साहेबांना ही जागा डोळ्यात खुपायची. टीव्हीवर शांतता म्हणजे त्यांना दुकान उघडं टाकून मालक गेल्यासारखं वाटायचं. पण सरांपुढे त्यांची डाळ शिजली नाही.

घरी मावशींनी हा नियम नवऱ्याला सांगितला होता. नवरा फरश्या बसवणारा, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. आयुष्यभर उकिडवं बसून गुडघे गेले आणि आता घरीच असायचा. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझ्या सरांचं. दोन फरश्यांत फट सोडावीच लागते. नाही सोडली की एक दिवस सगळी जमीन उचलते." राजकारणातलं मिस्त्रींना ओ की ठो कळत नसे, तरी रोज सातला ते टीव्हीपुढे पाय पसरून बसत. मावशींना वाटे, बसतात बापडे, दुसरं करणार काय. मिस्त्री कधी चिडवत, "वीस वर्षं एका माणसाशेजारी बसतेस आणि बोलत नाहीस म्हणतेस. आमच्याशी तर तासभर गप्प बसवत नाही तुला." मावशी म्हणत, "ते ऐकून घेतात माझं, न बोलता. तुम्हाला बोललेलंही ऐकू येत नाही." असा त्यांचा संसार.

मग सर आजारी पडले. नवी मुलगी आली सातच्या बातम्यांना. सरांच्याच हाताखाली शिकलेली, चांगली होती, पण ती नव्या पद्धतीची. पायाखाली एक पेडल असतं, वाचणाऱ्यानेच ते दाबायचं आणि आपली अक्षरं आपण सरकवायची. मावशींचं टेबल कोपऱ्यातून उचललं आणि त्यांना पट्टीवर बसवलं. नावाआधीची जागाही गेली. आता माणसं मरत आणि तडक हवामान येई.

मावशी एकदा हॉस्पिटलात गेल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीचे कपडे घालून, दोन वेळा बस बदलून. खाली काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कोण लागता तुम्ही त्यांच्या?" साधा प्रश्न होता. मावशींनी उत्तर शोधलं. नातेवाईक नाही. मैत्रीण म्हणवेना. विद्यार्थिनी म्हणावं तर सरांनी त्यांना काही शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ऑफिसातली." तो म्हणाला, "ऑफिसातले फार येतात हो, डॉक्टरांनी मनाई केलीय." मावशी परत फिरल्या. बसमध्ये त्यांना एकेक उत्तर सुचत गेलं, आणि प्रत्येक उत्तराची त्यांना लाज वाटली.

तर त्या दिवशी. दुपारपर्यंत ऑफिसात शोकाची नुसती जत्रा भरली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते उगीच नाही. ज्यांनी सरांना लिफ्टमध्ये पाहून मोबाइलमध्ये डोकं खुपसलं होतं, ते कॅमेऱ्यापुढे डोळे पुसत होते. सरांनी मला घडवलं. सर मला मुलासारखं मानायचे. एकाला तर सरांनी काढून टाकायची शिफारस केली होती, तोही आठवणी सांगून गेला. मावशी खाली मान घालून एकेकाच्या आठवणीची पट्टी टाइप करत होत्या. त्यांना रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती. रडल्या असत्या तर चार जणांनी वळून पाहिलं असतं, मावशींना काय झालं म्हणून, आणि पुन्हा तोच प्रश्न आला असता. कोण लागता तुम्ही त्यांच्या? तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

पण एका गोष्टीने त्यांच्या मनात ठाण मांडलं होतं. सातच्या बातम्यांत सरांचं नाव वाचलं जाणार. सरांच्या खुर्चीवरून, सरांच्या कॅमेऱ्यापुढे. आणि ते हवामानासारखं जाणार. ती बातमी आपल्या हाताने सरकायला हवी. याहून दुसरं आपल्याला सरांसाठी काही करता येत नाही, आणि हे दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

आयुष्यात मावशींनी त्या ऑफिसात काही मागितलं नव्हतं. पंखा लागत नाही म्हणून तक्रार केली नव्हती. त्या उठल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब मजकूर लिहीत होते. 'एका युगाचा अस्त' इथपर्यंत आले होते आणि अस्तानंतर काय घालावं यावर अडले होते.

"सातची बातमी मी चालवू का?" मावशींनी विचारलं. "आजच्या दिवस."

साहेबांनी मान वर केली. "मावशी, ती यंत्रणा आता पेडलवर आहे. आज अख्खा देश बघणार आहे. आज प्रयोग नकोत."

"मी वीस वर्षं..."

"माहितीये हो. सगळ्यांनाच वाईट वाटतंय." आणि ते पुन्हा अस्ताकडे वळले.

मावशी दाराबाहेर आल्या तर नवी मुलगी तिथेच उभी होती, पावडर लावलेली, कॉलरमध्ये कागदी रुमाल. तिने सगळं ऐकलं होतं. ती सरळ आत गेली. "सर," ती साहेबांना म्हणाली, "माझा पाय थरथरतोय सकाळपासून. पेडल माझ्याच्याने व्हायचं नाही. मावशी बसणार असतील तर मी वाचते. नाहीतर तुम्ही वाचा."

साहेबांचा आवाज चांगला होता, पण टक्कल होतं. त्यांनी परवानगी दिली.

टेबल पुन्हा कोपऱ्यात आलं. मावशींनी मजकूर घेतला, अक्षरं मोठी केली. सर पडद्यावर चष्मा लावत नसत म्हणून अक्षरं एवढी मोठी ठेवायची की काचेवर चारच ओळी मावत. मावशींचा हात आपोआप तिथेच गेला. मुलीला चष्मा लागत नव्हता, पण तिने ते चालवून घेतलं. मग मावशींनी सरांच्या नावाआधी दोन ओळी रिकाम्या सोडल्या. साहेबांनी मागे उभं राहून ते पाहिलं आणि म्हणाले, "ती जागा काढा. सलग जाऊ दे. आज लोक रिमोट हातात घेऊन बसलेत, एवढ्याशा शांततेत दुसरीकडे पळतात." मावशींनी ती जागा काढली. भांडायचं बळ मागण्यातच खर्च झालं होतं.

सातला दोन-चार मिनिटं होती. हेडफोन कानाला लावला. मुलगी खुर्चीत बसली, कोणी काही विचारलं नाही. मावशी स्वतःशीच पुटपुटल्या, "आज एक."

बातम्या सुरू झाल्या. मुलगीही शेवटी त्याच माणसाकडे शिकलेली. तीही वाक्याआधी श्वास घ्यायची, सरांसारखा लांब नाही, आखूड, तोंडाने. मावशींनी तो पकडला. एक वाक्य गेलं, दुसरं गेलं. हात चांगला चालला होता. युगाचा अस्त झाला, निर्भीड लेखणीही झाली, दीपस्तंभ झाला. मावशींना वाटलं, जमतंय. मग काचेवरच्या चार ओळी संपत आल्या. शेवटची ओळ होती, 'याच खुर्चीवरून वीस वर्षं तुमच्याशी बोलणारे आमचे सर'. नाव पुढच्या ओळीत होतं, काचेच्या खाली, अजून न दिसलेलं.

मुलीने ती ओळ वाचली. आणि मावशींचा हात थांबला.

काचेवर नाव आलं नाही. मुलीला ते नाव बापाच्या नावाइतकं पाठ होतं, पण समोर येईल तेच वाचायचं हे हाडीमासी भिनलेलं, ती काचेकडे बघत राहिली. देशभरच्या टीव्हीवर एक मुलगी ओठ मिटून बसलेली दिसत होती आणि काहीही ऐकू येत नव्हतं. साहेब वरच्या कंट्रोल रूममधून माइकवर ओरडत होते, "मावशी, सरकवा. झोपलात का? मावशी." मावशींना ते ऐकू आलं. पण ते लांब कुठेतरी चाललं होतं. दोन्ही कान हेडफोनात घालून, बटणावर बोटं ठेवून त्या बसल्या होत्या, आणि हात हलत नव्हता.

मग हेडफोनात श्वास आला. नाकाने घेतलेला, लांब, मधेच तुटलेला. तो कोणाचा आहे हे कळायला मावशींना क्षण लागला. मुलीचा होता, ती रडू आवरत होती. हात फिरला. नाव वर आलं. मुलीने ते वाचलं, नीट, पूर्ण, आडनावासकट.

पुढचं मावशींनी कसं चालवलं ते त्यांना आठवत नाही. पण चुकलं नाही.

बातम्या संपल्यावर त्या बटणावरचा हात न काढता बसून राहिल्या. आता साहेब येणार आणि उरलीसुरली पट्टीही जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. साहेब आले, पण मोबाइल कानाला लावून आणि चेहरा उजळलेला. फोन करणाऱ्याला सांगत होते, "हो ना, तो थांबा. ती शांतता आम्ही मुद्दामच ठेवली. सरांची पद्धत होती ती. मी म्हटलं, आज ती हवीच." मावशींच्या समोरून जाताना त्यांनी हाताने बरंय बरंय अशी खूण केली आणि पुढे गेले. असू दे. मरणाचं भांडवल करणारे ते काही पहिले नव्हते.

मुलगी मात्र आली. तोंडावरची पावडर ओघळली होती. तिने मावशींचा हात धरला. "तुम्ही सरांची जागा ठेवलीत," ती म्हणाली. "साहेब म्हणाले होते काढा, तरी ठेवलीत." मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खरं काय ते त्यांनी तिला सांगितलं नाही. लेकरू आधीच मोडलेलं, त्यात आणखी कशाला. उद्यापासून पुन्हा पट्टीवर या, असं कोणीतरी जाता जाता सांगून गेलं.

घरी आल्या तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. मिस्त्री टीव्ही बंद करून खुर्चीत बसले होते. टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवला होता आणि दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या समोर लावली होती. ज्या माणसाला स्वयंपाकघरापर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागते, त्याने हे केलं होतं.

"बस," मिस्त्री म्हणाले. "तुझं माणूस गेलं."

सकाळपासून हे कोणी म्हटलं नव्हतं. मावशी बसल्या.

"पाहिलंत?"

"पाहिलं. रोजच पाहतो."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं."

"बातम्यांतलं काही नाही कळत," मिस्त्री म्हणाले. "मी तुझा हात बघत होतो. तू सुट्टीवर असलीस की तुझे सर अडखळायचे. ताप असून गेलीस की ते हळू बोलायचे. आपलं भांडण झालं त्या दिवशी तर घाईघाईत उरकलं त्यांनी. मला इथे बसून सगळं कळायचं." त्यांनी ग्लास मावशींकडे सरकवला. "आज नावाआधी थांबलीस. बरं केलंस. फट सोडायलाच हवी होती."

मावशींनी ग्लासवरचं झाकण काढलं, पण पाणी प्यायल्या नाहीत.

"मी थांबले नाही हो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना वाटतंय मी थांबले. मी थांबले नाही. मी त्यांच्या श्वासाची वाट बघत होते. नाव आलं की ते आधी श्वास घेतात ना, म्हणून हात तयार ठेवून बसले. आणि तो येईचना."

मग त्यांना रडू फुटलं, आणि इथे त्यांना कोण लागता म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. गुडघ्यावर हात रोवून, कण्हत, मिस्त्री खुर्चीतून उठले, दोन पावलं चालून तिच्याजवळ गेले आणि तिचा उजवा हात आपल्या हातात घेऊन उभे राहिले.